लिहिलेलं पान कानाने तपासताना: कंटेंट संपादकाच्या बाजूने एनव्हीडीएचं परीक्षण

विद्यापीठाच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या किंवा त्यावर शेवटची मंजुरी देणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर एनव्हीडीए असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. हे सॉफ्टवेअर दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी बनवलेला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन आहे. त्यांच्या दृष्टीने त्याचं परीक्षण तेच अधिक चांगलं करतील. मी लिहितेय ती मजकुराच्या बाजूने. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा विभागांकडून येणारे मसुदे वाचकाला समजतील अशा पानांत बसवणं हे माझं काम आहे, आणि या कामात मला याच्याइतका कडक आणि खरा संपादक दुसरा मिळालेला नाही.

आधी थोडी ओळख. विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली लिहायला घेतलं. पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः दृष्टिहीन. त्यांनी उभी केलेली एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था आजही ते सांभाळते. सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि पेन ड्राइव्हवरून चालणारी त्याची पोर्टेबल प्रतही बनवता येते. कार्यालयातल्या संगणकावर काही इन्स्टॉल करायला परवानगी मिळत नसेल तिथे ही सोय फार उपयोगी पडते. सुरू केल्यावर बोलणं थांबवायला कंट्रोल, पूर्ण बंद करायला इन्सर्ट आणि क्यू. या दोन गोष्टी पहिल्या शिका, कारण पहिल्यांदा ते बोलायला लागतं तेव्हा बहुतेक जण घाबरून माउसकडे धावतात.

मला सगळ्यात जास्त वापरावीशी वाटणारी सोय म्हणजे घटकांची यादी. इन्सर्ट धरून एफ ७ दाबलं की एक खिडकी उघडते आणि पानावरच्या सगळ्या लिंक्स, सगळी हेडिंग्ज, फॉर्मचे रकाने, बटणं वेगवेगळ्या याद्यांत समोर येतात. पानाची सजावट, फोटो, रंग सगळं बाजूला पडतं आणि मजकुराचा सांगाडा तेवढा उरतो. या सांगाड्यावरून पानाचा विषय कळला पाहिजे, एवढी एकच परीक्षा मी प्रत्येक पानाची घेते.

लिंक्सची यादी पाहिली की बरीच पानं तिथेच नापास होतात. ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक माहिती’, ‘डाउनलोड’, ‘येथे क्लिक करा’, ‘पाहा’, ‘येथे क्लिक करा’. पानावर डोळ्यांनी वाचताना शेजारचं वाक्य मदतीला असतं, त्यामुळे हे खटकत नाही. यादीत प्रत्येक लिंक एकटी उभी राहते. त्याच लिंक्स ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज’, ‘वसतिगृहाचे नियम’, ‘पदव्युत्तर प्रवेशाचं वेळापत्रक’ अशा लिहिल्या की यादीच पानाची अनुक्रमणिका होते. आमच्या ग्रंथालयातले एक सहकारी रोज स्क्रीन रीडर वापरतात. त्यांच्या ऐकण्याचा वेग इतका असतो की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. ते मला म्हणाले होते, “ताई, पहिल्या दोन शब्दांत कळलं नाही तर मी थांबत नाही, पुढच्या लिंकवर जातो.” तेव्हापासून मी लिंकचा आणि हेडिंगचा महत्त्वाचा शब्द सुरुवातीला आणते. ‘विद्यापीठाच्या विविध विभागांमार्फत उपलब्ध करून देण्यात येणाऱ्या शिष्यवृत्त्या’ असं लांबलचक हेडिंग आलं तर ‘शिष्यवृत्त्या’ एवढंच ठेवते. फरक सांगायचा असेल तर तो नंतर.

हेडिंग्जच्या बाबतीत हे साधन त्याहून निर्दय आहे. एच दाबत गेलं की ते एका हेडिंगवरून पुढच्यावर उडी मारतं, आणि १ ते ६ हे आकडे दाबले की त्या-त्या पातळीच्या हेडिंगवर. वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या पाहण्या घेते. मोठ्या पानावर माहिती शोधताना दोन तृतीयांशांहून अधिक लोक आधी हेडिंग्जवरून फिरतात, असं त्यांत वेळोवेळी दिसलं आहे. आणि विभागांकडून येणाऱ्या मसुद्यांत हेडिंग म्हणून काय असतं? ठळक आणि मोठी केलेली एक ओळ. डोळ्यांना ते हेडिंग दिसतं, पण त्याला हेडिंगची शैली लावलेली नसते. एच दाबा, एनव्हीडीए सांगतं की पुढे हेडिंगच नाही. भलंमोठं पान, पात्रतेपासून तक्रार निवारणापर्यंत सगळं त्यात, आणि पाय टेकायला एक पायरी नाही. वर्डमध्ये असो की वेबसाइटच्या संपादकात, ती ओळ निवडून ‘हेडिंग २’ लावायला काही क्षण लागतात. एवढ्या छोट्या कामाने एवढा मोठा फरक पडतो, म्हणून ते न केलेलं पाहिलं की मला अजूनही वाईट वाटतं.

ठळक अक्षरांवरून आठवलं. मूळ सेटिंगमध्ये एनव्हीडीए अक्षर ठळक आहे की तिरपं, लाल आहे की काळं, हे सांगत नाही. सेटिंग बदलून सांगायला लावता येतं, पण सतत ते ऐकत बसणं कोणाला परवडणार? म्हणजे ‘लाल रंगातील कागदपत्रे अनिवार्य आहेत’ या वाक्याचा कानाला काहीही उपयोग नाही, आणि रंग नीट न ओळखता येणाऱ्या डोळस माणसालाही नाही. ‘अनिवार्य कागदपत्रे’ आणि ‘असल्यास जोडायची कागदपत्रे’ अशा दोन याद्या केल्या की प्रश्न मिटतो. ‘उजवीकडील हिरवे बटण दाबा’ याचंही तसंच. मोबाइलवर ते बटण उजवीकडे नसतंच, खाली गेलेलं असतं. बटणावर जे नाव आहे ते वाक्यात लिहावं.

विरामचिन्हांचं तर मला या सॉफ्टवेअरनेच नव्याने शिकवलं. मूळ पातळीवर ते कंस उच्चारत नाही. त्यामुळे कंसात टाकलेली अट मुख्य वाक्यात मिसळून जाते आणि कुठे सुरू झाली, कुठे संपली ते कळत नाही. नियमांच्या भाषेत महत्त्वाचे अपवाद नेमके कंसातच असतात! मी आता असा प्रत्येक कंस काढून त्याचं वेगळं वाक्य करते. तारखांच्या मधली रेघही अनेकदा ऐकू येत नाही, त्यामुळे ‘१०-१५ जून’ ऐवजी ‘१० ते १५ जून’ लिहावं. आणि ‘५/६’ असं तर कधीच लिहू नये. ते पाच जून की सहा मे, हा प्रश्न डोळस वाचकालाही पडतो.

पण ज्या कारणासाठी मी हे साधन लेखकाच्या हाती द्यावं म्हणते, ते कारण वाक्यांचं आहे. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की ते सलग वाचत सुटतं. आपण लिहिलेला नियम डोळे मिटून ऐका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘ज्या विद्यार्थ्यांनी मागील सत्रात प्रवेश घेतलेला असून ज्यांचे एक अथवा अधिक विषय अनुत्तीर्ण आहेत व ज्यांनी यापूर्वी पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केलेला नाही अशा विद्यार्थ्यांनी’ इथपर्यंत ऐकणाऱ्याला हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि त्याने अर्ज करायचा आहे की नाही हे अजून समजलेलंच नसतं. कागदावर नजर मागे नेऊन पुन्हा वाचता येतं, म्हणून अशी वाक्यं कार्यालयांत टिकून राहिली. कानाला नजर मागे नेता येत नाही. वाक्य पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.

हे ऐकलं की दुरुस्ती कशी करायची ते आपोआप सुचतं. आधी सांगायचं काम: ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कोण करू शकतं?’ हे हेडिंग. खाली एक वाक्य: ‘पुढील तीनही गोष्टी तुम्हाला लागू असतील तर अर्ज करता येईल.’ मग तीन मुद्द्यांची यादी. एनव्हीडीए यादी आली की तीत किती मुद्दे आहेत ते आधी सांगतं, त्यामुळे ऐकणारा तयारीत असतो. यादी खरी हवी, ओळीच्या सुरुवातीला हाताने टिंबं किंवा आकडे टाकून केलेली नको. तशी केली तर हा मोजलेला आकडा ऐकू येत नाही.

‘सदर अर्ज विहित नमुन्यात विहित मुदतीत सादर न केल्यास त्याचा विचार केला जाणार नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ हे वाक्य किती पानांवर असतं! ते कानाने ऐकताना माझ्या लक्षात आलं की त्यात एकही माहिती नाही. नमुना कोणता, मुदत कधीची, सादर कुठे करायचा, काहीच नाही. त्याच्या जागी: ‘३० जूनपर्यंत या पानावरचा ऑनलाइन अर्ज भरा. त्यानंतर आलेला अर्ज स्वीकारला जात नाही.’ परीक्षा विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे आधी फार साधं वाटलं. “मॅडम, याला नियमाचं वजन राहत नाही,” असं ते म्हणाले. मी त्यांना हेडफोन दिला आणि दोन्ही वाक्यं ऐकवली. दुसऱ्या वाक्यात तारीख ठळकपणे कानावर येते, हे त्यांनीच मान्य केलं. वजन तारखेत आहे, ‘सदर’मध्ये नाही. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्येही वाचनपातळीचा एक निकष आहे, पण तो सर्वात वरच्या, म्हणजे ट्रिपल ए पातळीवर ठेवलेला आहे. त्यामुळे बहुतेक संस्थांची तपासणी तिथपर्यंत पोहोचत नाही. मला वाटतं विद्यापीठांनी तो आपणहून स्वीकारावा. शिकलेल्यांची संस्था आहे म्हणून वाचक अवघड भाषेत सुखी असतो असं नाही. घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठात जाणार असेल, तर ते पान मुलगी एकटीने वाचत असते आणि विचारायला शेजारी कोणी नसतं.

तक्त्यांवर फार बोलत नाही, एवढंच सांगते: टी दाबून तक्त्यात जा आणि कंट्रोल, ऑल्ट धरून बाणांनी फिरा. वरच्या ओळीला शीर्षक म्हणून खूण केलेली असेल तर स्तंभ बदलताना ‘वेळ’, ‘विषय’, ‘इमारत’ असं ऐकू येतं. नसेल तर नुसते आकडे. परीक्षेच्या वेळापत्रकातले जोडलेले रकाने आणि ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द यांचा त्रास इथेच उघडा पडतो. ‘वरीलप्रमाणे’ ऐकणाऱ्याला वर जाऊन, शोधून, परत खाली यावं लागतं. माहिती पुन्हा लिहायला काहीच हरकत नाही.

फॉर्मसाठी टॅबने पुढे सरकत ऐकावं. रकान्याला नाव जोडलेलं नसेल तर ‘संपादन, रिकामं’ अशा अर्थाचं काहीतरी कानावर येतं आणि इथे नाव लिहायचं की जन्मतारीख, ते कळत नाही. दोन रकान्यांच्या मधे लिहिलेल्या सूचना टॅबने जाताना सहसा गाळल्या जातात. म्हणून सूचना फॉर्मच्या आधी द्यावी किंवा रकान्याच्या नावातच ‘जन्मतारीख, उदाहरणार्थ १५ ऑगस्ट २००५’ अशी लिहावी. तांत्रिक जोडणी विकासक करतील, पण शब्द आपले असतात.

चित्रांबद्दल माझा राग खरं तर एकाच गोष्टीवर आहे, कार्यक्रमांच्या पोस्टरवर. व्याख्यानाचा विषय, वक्ता, दिनांक, सभागृह सगळं पोस्टरच्या चित्रात, पानावर तेवढंच चित्र आणि पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राच्या जागी वाचून दाखवला जाणारा मजकूर, ‘पोस्टर’. पर्यायी मजकूर नसलेलं चित्र लिंकमध्ये असेल तर फाइलच्या नावातली अक्षरं आणि आकडे ऐकावे लागतात. उपाय सोपा आहे: सगळी माहिती पानावर मजकूर म्हणून लिहा, मग पोस्टर शोभेला ठेवा. ती शोधयंत्राला सापडते, कॉपी करता येते आणि मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावी लागत नाही.

स्कॅन केलेल्या परिपत्रकांचं दुखणं याच जातीचं आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ चढवली तर स्क्रीन रीडरला त्यात वाचायला मजकूरच नसतो. एनव्हीडीएमध्ये चित्रातला मजकूर ओळखण्याची सोय आहे, इन्सर्ट आणि आर दाबून ती वापरता येते. पण वाचकाने अशी कसरत करावी ही अपेक्षा चुकीची आहे. सहीची प्रत हवी तर ठेवा. परिपत्रकात सांगितलेली गोष्ट मात्र वेबपानावर लिहा.

मराठी पानांसाठी एक तपासणी वेगळी करावी लागते. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये असली तर एनव्हीडीए आवाजाची भाषा आपोआप बदलू शकतं. सोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या मजकुराचा आवाज करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. साचा इंग्रजीसाठी बनवलेला असेल आणि ती खूण बदललेली नसेल, तर मराठी मजकुराचे उच्चार बिघडतात किंवा तो तुकड्यातुकड्यांत वाचला जातो. ही दुरुस्ती एका ओळीची असते आणि ती डब्ल्यूसीएजीच्या पहिल्या पातळीच्या निकषांत, ए मध्ये, मोडते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर मात्र कुठल्याही खुणेने सुधारत नाही, तो नव्याने टाइप करावा किंवा रूपांतरित करावा लागतो.

आता उणिवा. ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे आणि मराठी उच्चार जागोजागी खटकतात. पहिल्या आठवड्यात कान दुखतील. वेग कमी करून ऐका. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाचण्याची आणि लिहिण्याची वेगळी अवस्था. पान वाचताना एच म्हणजे पुढचं हेडिंग, फॉर्मच्या रकान्यात गेलं की एच म्हणजे नुसतं अक्षर. इन्सर्ट आणि स्पेसने अवस्था बदलते, पण आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे डोळस नवख्याला पटकन उमगत नाही. मार्गदर्शिका सविस्तर आहे, तरी ती रोज वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. पान तपासू पाहणाऱ्या लेखकाला त्यातलं आपल्या कामाचं वेचून घ्यावं लागतं.

दुसरी मर्यादा आपली स्वतःची: पडदा दिसत असताना आपण डोळ्यांनी अर्थ भरून काढतो. यासाठी एनव्हीडीएमध्येच पडदा काळा करण्याची सोय आहे, इन्सर्ट, कंट्रोल आणि एस्केप. ती चालू करून ‘प्रवेशाची शेवटची तारीख शोधा’ असं काम स्वतःला द्या. गोंगाटात बसून काम करणाऱ्यांसाठी उलट सोय आहे: साधनांच्या मेनूतला स्पीच व्ह्यूअर, जो बोललेला प्रत्येक शब्द खिडकीत लिहून दाखवतो. विभागाला शेरे पाठवताना मी तोच मजकूर कॉपी करून जोडते. ‘तुमचं पान असं ऐकू येतं’ एवढंच वर लिहिते. वाद जवळपास होत नाहीत.

आणि कान सगळं पकडत नाही. फिकट करड्या अक्षरांचा त्रास त्याला कळणार नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ हवा, तो मोजायला वेबएमचंच वेव्ह हे मोफत साधन वापरा. एनव्हीडीएवर नीट वाचलं गेलेलं पान अँड्रॉइड मोबाइलवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरमध्ये किंवा आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्ये वेगळं वागू शकतं. मी पडदा काळा करून कितीही सराव केला तरी माझं ऐकणं हे आमच्या ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांसारखं होणार नाही, म्हणून प्रवेशाची पानं प्रकाशित करण्याआधी त्यांच्याकडे आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे जातात, आणि त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळावा यासाठी मी आग्रही असते.

सुरुवात करणाऱ्यांनी अ‍ॅड-ऑन, ब्रेल, सेटिंगच्या खोल पानांत जाऊच नये. इन्सर्टची कळ गैरसोयीची वाटली तर पहिल्याच स्वागताच्या खिडकीत कॅप्स लॉक निवडता येते, लॅपटॉपवर तेच बरं पडतं. मग एच, पुढच्या लिंकवर नेणारी के, टी, एफ ७ची यादी आणि सलग वाचन, एवढंच घेऊन आपल्या विद्यापीठाचं सर्वात जास्त पाहिलं जाणारं पान उघडा. बहुतेक ठिकाणी ते प्रवेशाचं किंवा निकालाचं असतं, आणि तिथे केलेली प्रत्येक दुरुस्ती सर्वात जास्त लोकांपर्यंत पोहोचते.